सिंधुबाईंच्या माफ्या

सिंधुबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरून थेट नीलाबाईंच्या पायाला हात लावला. नीलाबाई गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब पसरून परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी पाय झटकन मागं ओढला, शेजारचा तांब्या कलंडला आणि पाणी सगळं परातीत गेलं.

"बघ," नीलाबाई म्हणाल्या. "झालं पीठ पातळ."

"नीला, मी माफी मागायला आले."

"मागच्या मंगळवारी बी आलतीस."

"तवा तू नीट ऐकून घेतलं न्हाईस."

नीलाबाईंनी डब्यातून चार मुठी पीठ काढून परातीत टाकलं आणि पुन्हा मळायला घेतलं. साठ मुलींच्या भाकरी होत्या आणि हाताखाली एक भीमाबाई, तीही चुलीपाशी धुरानं बेजार झालेली. माफी मागायची वेळ नव्हती हे कुणालाही दिसलं असतं. सिंधुबाईंना दिसलं नाही, कारण त्यांनी तोवर डोळे मिटले होते.

"नीला, माझ्या बहिणी, मी देवापुढं आणि तुझ्यापुढं अपराधी आहे," त्यांनी सुरू केलं. आवाज आपोआप खाली गेला आणि भरदार झाला. रविवारी उपासनेत लागायचा तो हा आवाज. पहिल्या दोन वाक्यांत त्या नीलाबाईंशी बोलत होत्या. तिसऱ्या वाक्यात 'तू' म्हणजे कोण ते बदललं आणि चौथ्यापासून सरळ प्रार्थनाच सुरू झाली. भीमाबाईंनी पेटतं लाकूड बाजूला ठेवून हात जोडले. सिंधुबाई जगभरच्या दुखावलेल्या मनांपर्यंत जाऊन परत आल्या आणि त्यांनी डोळे उघडले तेव्हा तव्यावर दुसरी भाकरी फुगलेली होती.

"लई बरं वाटलं बघा ताई," भीमाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

नीलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"माफ केलं म्हण ना," सिंधुबाई म्हणाल्या.

"केलं."

"असं नको. मनापासून."

"मनापासून करायला टाइम लागतो, सिंधु. साडेदहाला पोरी जेवायला येत्यात. तू सरक जरा, उजेड अडवायलीस."

सिंधुबाई उदगीरच्या भर उन्हातून घरी चालत आल्या तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माणसानं आणखी किती वाकायचं? एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. डॉक्टरांपुढं मान खाली घातली नाही, सरपंचांपुढं नाही. नवरा गेल्यावर दिरांपुढंही नाही. आणि इथं पिठाच्या परातीपुढं बसून पाय धरले तर बाई म्हणते, उजेड अडवायलीस.

झालं होतं ते असं. सात आठवड्यांपूर्वी नीलाबाईंच्या शिल्पाला बघायला नांदेडहून पाहुणे आले होते. रविवार होता, म्हणून आधी सगळे मिळून उपासनेला आले आणि दुसऱ्या बाकावर बसले. पास्टर गुंडप्पांनी नेहमीप्रमाणं सांगितलं की सिंधुताई आपल्याला प्रार्थनेत चालवतील. आता सिंधुताईंची प्रार्थना म्हणजे काय हे उदगीर ते अर्धापूर सगळ्या मंडळ्यांना ठाऊक होतं. माणसं फोन करून प्रार्थना मागायची. पाहुणे बसलेले बघून त्यांना आणखी चेव चढला. शब्दाला शब्द जुळत गेला आणि त्या म्हणून बसल्या की हे बापा, ज्या तुझ्या दासीला, आमच्या शिल्पाला, तू दोन वर्षं आकडीपासून राखलंस, गोळीच्या आधारानं का होईना पण एकदाही पडू दिलं नाहीस, तिच्यासाठी आज नवं दार उघड.

दुसऱ्या बाकावरची मुलाची आई डोळे उघडून शेजारी बघू लागली. सिंधुबाईंना ते दिसलं नाही. उपासना सुटल्यावर त्यांनी नीलाबाईंना गाठून विचारलं होतं, "बरी झाली ना गं प्रार्थना?"

नीलाबाई तेव्हा एकच बोलल्या होत्या.

"मी सांगणारच होते. जेवण झाल्यावर, त्या बाईला आत नेऊन, माझ्या तोंडानं."

पाहुणे जेवले, घरी विचारून कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांच्याकडून नीलाबाईंना परत काही कळलं नाही. त्या दिवसापासून नीलाबाईंनी रविवारच्या उपासनेला देवळात पाऊल टाकलं नव्हतं. दोघी लहानपणी मिशनच्या याच बोर्डिंगात एका पांघरुणात निजलेल्या. सिंधु शिकून नर्स झाली, नीला त्याच बोर्डिंगात स्वयंपाकाला लागली, पण पन्नास वर्षांत एक रविवार असा गेला नव्हता की दोघी एका बाकावर बसल्या नाहीत. आता त्या बाकावर सिंधुबाईंच्या शेजारी त्यांची पर्स असायची. नीला परत यावी, शेजारी बसावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्यासाठी काय वाट्टेल ते करायची त्यांची तयारी होती. गडबड होती ती त्या 'काय वाट्टेल ते'मध्येच.

पास्टर गुंडप्पा भालकीकडचे. गोड माणूस, कुणाचंच मन मोडवत नसे. सिंधुबाईंनी गाऱ्हाणं सांगितल्यावर ते बराच वेळ कानडीत हौदु, हौदु करत मान हलवत राहिले.

"ताई, उपवासकाळ सुरू आहे. आपला विषयच नम्रता आहे," ते म्हणाले. "मंडळीसमोर चूक झाली, तर मंडळीसमोर कबूल करावी. मन हलकं होईल."

हे सिंधुबाईंना एकदम पटलं. पटायला नको होतं. त्यांनी शनिवारभर तयारी केली. काय बोलायचं ते वहीत लिहिलं, मग लिहिलेलं वाचणं बरं दिसत नाही म्हणून पाठ केलं. रविवारी पांढरी साडी नेसून त्या पुढं उभ्या राहिल्या. नाव कुणाचं घ्यायचं नाही एवढं पथ्य त्यांनी पाळलं. मंडळीतली एक बहीण, म्हणाल्या. तिची एक गुणी लेक, जिला एक आजार आहे, म्हणाल्या. माझ्या गर्वानं, माझ्या प्रार्थनेच्या गर्वानं त्या घराचं दार बंद केलं, असं म्हणताना त्यांचा गळा खरोखरच दाटून आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मंडळीचे सेक्रेटरी शेषेराव, एरवी तलाठ्याच्या नजरेनं जगाकडं बघणारे, तेही नाक शिंकरत होते. सभा सुटल्यावर लातूरहून आलेल्या एक बाई हात धरून म्हणाल्या, ताई, आमच्या महिला मेळाव्यात या, हीच साक्ष द्या.

कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं होतं. दुपारी ते मंडळीच्या ग्रुपवर आलं, वर लिहिलं होतं, नम्रतेची जिवंत साक्ष. संध्याकाळपर्यंत लातूर, देगलूर आणि किनवटहून हात जोडलेली चित्रं येऊन पडली. सिंधुबाईंनी ते चार वेळा बघितलं. चौथ्यांदा बघताना साडी छान दिसतेय असं मनात आलं, तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला.

मंगळवारी सकाळी दारात नीलाबाई उभ्या होत्या. पाहुणे येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. सिंधुबाईंचा जीव एकदम हलका झाला.

"ये ना गं. आत ये. चहा टाकते."

नीलाबाई उंबऱ्याच्या बाहेरच राहिल्या.

"त्या दिवशी देवळात होते तेवढ्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता चाळीस गावाला माहीत झालं. काल किनवटहून माझ्या भावजयीचा फोन आलता. पोरीला काय झालंय म्हणून विचारून राहिली."

"मी नाव घेतलं न्हाई, नीला. देवाशपथ न्हाई घेतलं."

"नाव घ्यायचं काय राहिलंय त्यात?"

"मी माफी मागितली. सगळ्यांपुढं मागितली. मला काय हौस हाय का?"

नीलाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं.

"तुला माफी मागायला बी माईक लागतो," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

सिंधुबाईंनी टाकलेला चहा एकटीनं प्यायला. कडू लागला. त्यांना रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. नीलाचा, गुंडप्पांचा, मोबाइलवाल्याचा, आणि त्या नांदेडच्या पाहुण्यांचा तर फारच. आकडी म्हणजे काही महारोग नव्हे, नर्स म्हणून त्यांनी शंभरदा लोकांना समजावलं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून सोन्यासारखी पोर नाकारणारी ही माणसं कोण? मग त्यांना वाटलं, आपण जावं. नांदेडला जाऊन त्या बाईचे पाय धरावेत. चूक माझ्या जिभेची, पोरीला कशाला सजा, म्हणावं. जमवूनच परत यावं. मग नीला कशी येत नाही बघू.

एकदा ठरलं की त्यांना थांबणं माहीत नव्हतं. गुरुवारी सकाळी पिशवीत पेढ्यांचा पुडा आणि मुलाच्या आईसाठी एक साडी घालून त्या स्टँडवर गेल्या. निघण्याआधी ग्रुपवर लिहिलं, 'समेटाच्या कामासाठी नांदेडला निघाले आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.' एसटीत खिडकीची जागा मिळाली. ड्रायव्हर चढायचा बाकी होता.

"मावशी, खाली उतरा."

खिडकीखाली शिल्पा उभी होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती ती. पांढरा कोट हातावर टाकून तशीच स्कूटीवरून आली होती, कपाळावर घाम.

"अगं, बस सुटायली."

"सुटू द्या. उतरा."

सिंधुबाई कुरकुरत उतरल्या. दोघी फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या. नांदेडची बस त्यांच्यासमोरून गेली.

"कशाला निघालात?" शिल्पानं विचारलं.

"तुझ्यासाठीच. पाय धरते त्या बाईंचे. मला काय कमीपणा न्हाई त्यात."

"आणि त्या हो म्हणाल्या तर?"

"तर काय? जमलं की."

"मला नाही जमवायचं." शिल्पानं कोटाची घडी मांडीवर ठेवली आणि ती हातानं सारखी करत बसली. "मावशी, त्यांनी नकार दिलेलाच नाही. मी दिलाय."

सिंधुबाईंनी हातातली पिशवी बाकावर ठेवली.

"त्या मुलाला, राजशेखरला, मी ते बघायला यायच्या आधीच फोनवर सांगितलं होतं," शिल्पा म्हणाली. "डॉक्टरांची चिठ्ठी पण पाठवली. तो म्हणाला, मला काही नाही, पण माझ्या आईला कळू देऊ नको, लग्नानंतर बघू. मला तेच आवडलं नव्हतं. मग तुम्ही त्या दिवशी प्रार्थना केलीत आणि त्याच्या आईला कळलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. माझ्या आईला नाही, मला. चालतंय म्हणाल्या. फक्त गोळ्या बंद करायच्या. विश्वास ठेवायचा म्हणे, गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास."

"येडी हाय का ती बाई," सिंधुबाईंच्या तोंडून गेलं. "एकदम बंद केल्या तर जिवावर बेतंल."

"म्हणून मी नको म्हणाले. तिथंच संपलं."

"मग नीलाला का न्हाई सांगितलं?"

"आई काय म्हणेल ते तुम्हालाच माहीत आहे. म्हणेल, पंधरा दिवस बंद करून बघू, एवढं चांगलं स्थळ हातचं घालवू नको. रडेल. मामाला बोलवेल. मला तिच्याशी भांडायचं बळ नाही सध्या. तिला वाटू दे त्यांच्याकडून मोडलं."

फलाटावर लातूरची गाडी लागली आणि माणसं पिशव्या घेऊन धावली. सिंधुबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"म्हणजे माझ्यामुळं न्हाई मोडलं," त्या म्हणाल्या. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आवाजानं दगा दिला.

शिल्पानं मान वर केली.

"नाही. मोडलं ते तुमच्यामुळं नाही. पण माझं तुम्ही बोललात. दोनदा बोललात. आईची माफी मागितलीत, पास्टरांची मागितलीत, मंडळीची, देवाची. माझ्याकडं कुणी आलंच नाही."

सिंधुबाईंचा हात सवयीनं उठला आणि तिच्या डोक्याकडं निघाला.

"डोक्यावर हात नको, मावशी. नुसतं बोला."

हात तसाच खाली आला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"बरं," शिल्पा म्हणाली. घड्याळ बघून उठली आणि मग परत खाली बसली. "हे कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, पास्टरांना नाही. प्रार्थनेत तर अजिबात नाही."

"आन् लोक मला बोलायलेत ते?"

"बोलू द्या."

"किती दिवस?"

"मी आईला सांगेपर्यंत. कधी सांगेन मला पण माहीत नाही."

ती गेली. सिंधुबाई पेढ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ त्या बाकावर बसून होत्या.

त्यानंतरचे आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आधी वाटलं होतं, आपण निर्दोष आहोत एवढं कळलं तरी पुरे. पण कळून उपयोग काय, कुणाला सांगायचंच नसेल तर? गुपित पोटात ठेवणं त्यांना नवं नव्हतं. दवाखान्यात त्यांनी लोकांची कितीतरी ठेवली होती. पण ती लोकांची होती. ज्यानं आपलंच तोंड उजळ होईल असं गुपित ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दुधाच्या रांगेत शेषेराव भेटले.

"काय ताई, नांदेडला जाणार होतात म्हणे. स्टँडवरून परत आलात?"

"हाव. जमलं न्हाई."

"असू द्या. पाय धरणं बोलायला सोपं असतं," शेषेराव म्हणाले आणि पिशवी हलवत निघून गेले.

संध्याकाळी भीमाबाई म्हणाल्या की बोर्डिंगात सगळे हेच बोलतात, सिंधुताईंना शेवटी कमीपणा वाटला. सिंधुबाईंनी रागाच्या भरात फोन घेऊन ग्रुपवर लिहायला सुरुवात केली. 'काही गोष्टी अशा असतात की ज्या सांगता येत नाहीत, परंतु प्रभू जाणतो,' एवढं लिहिलं. मग वाचलं. हे वाचून चाळीस गावांतल्या बायका नेमकं काय सांगता येत नाही ते शोधायला बसतील, हे त्यांच्या लक्षात आलं. एकेक अक्षर त्यांनी खोडलं. महिला मेळाव्याच्या बाईंना फोन करून येत नाही म्हणून कळवलं, तर त्या म्हणाल्या, ताई, किती ही नम्रता. सिंधुबाईंना फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

प्रार्थनेला बसल्या तरी तेच. मनातल्या मनात बोलायची सवय मोडलेली होती. दोन वाक्यं झाली की ओठ हलायला लागत, आवाज यायला लागे आणि शेजारी ऐकतील म्हणून त्यांना मध्येच थांबावं लागे. देवाशी आपण इतकी वर्षं बोलत होतो ते कुणीतरी ऐकावं म्हणून, असं एकदा मनात आलं. ते त्यांना मुळीच आवडलं नाही आणि त्या उठून भांडी घासायला गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पाचची घरसभा नीलाबाईंकडं होती. वर्षाच्या सुरुवातीला पत्रक छापतात, त्यात पाळी ठरलेली असते. नीलाबाई या वेळी नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्यांनी निरोप धाडला की ठरलंय तसं होईल, माणसांनी यावं. सिंधुबाईंनी जाऊ की नको यात अख्खी दुपार घालवली. गेल्या नसत्या तर लोक म्हणाले असते तोंड चुकवलं. गेल्या तर म्हणणार होते कोणत्या तोंडानं आली. शेवटी त्या गेल्या आणि दाराजवळच्या चटईवर कडेला बसल्या.

खोली लहान होती, वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली. गीत झालं, शास्त्रपाठ झाला. गुंडप्पा नम्रतेवर दहा मिनिटं बोलले. त्यांनी उदाहरण म्हणून दोनदा सिंधुबाईंकडं बघितलं आणि दोन्ही वेळा घाईनं दुसरीकडं बघितलं. शिल्पा आतल्या दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती, प्रार्थना झाली की वाटायला.

घरसभेत शेवटची प्रार्थना कुणी करायची ते घरची बाई सांगते. या घरात वीस वर्षं ते ठरलेलंच होतं. नीलाबाई गप्प बसलेल्या बघून शेषेरावांना अवघडल्यासारखं झालं.

"सिंधुताईच करतील ना, नेहमीप्रमाणं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तिच्याकडं नको. तिच्या प्रार्थनेनं माझ्या लेकीचं जमत आलेलं मोडलं. मी तिला माफ करायला बघायलेय, जमंल तवा जमंल. पर या घरात तिनं प्रार्थना करायची न्हाई."

वीस माणसांनी सिंधुबाईंकडं बघितलं आणि मग चटईकडं.

सिंधुबाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. लहानसंच होतं. तुझ्या पोरीनंच नको म्हटलंय, एवढंच. एवढं म्हटलं की शेषेरावांचं तोंड बंद झालं असतं, भीमाबाईंचं झालं असतं. नीला उठून गळ्यात पडली असती. पन्नास वर्षांची मैत्रीण त्या एका वाक्याच्या पलीकडं बसली होती. सिंधुबाईंनी आतल्या दाराकडं बघितलं. शिल्पा ट्रे घट्ट धरून उभी होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही.

"हाव," सिंधुबाई म्हणाल्या.

लोक थांबले. सिंधुताई एवढ्यावर थांबत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पुढचं ऐकायला ते सावरून बसले. नीलाबाईंनीही मान तिरपी करून वाट बघितली. पुढचं काही आलं नाही. सिंधुबाईंनी हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केला. कानशिलं तापली होती. नम्र झाल्यावर माणसाला शांत वाटतं असं त्यांनी किमान शंभर सभांमधून सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं.

"मग घरच्या बाईनंच करावी," गुंडप्पा म्हणाले. "करा नीलाबाई. डोळे मिटू या."

नीलाबाईंनी चारचौघांत कधी प्रार्थना केली नव्हती. त्यांनी पदर घेतला, दोनदा घसा खाकरला.

"बापा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "नळाला पाणी येऊ दे. बोर्डिंगातल्या पोरींची परीक्षा हाय, त्यास्नी याद राहू दे. भीमाचा खोकला बरा कर. पास्टरसाहेबाची शुगर वाढलीय, ती खाली आण."

गुंडप्पा जरा चुळबुळले. त्यांच्या शुगरचं कुणाला माहीत नव्हतं. सिंधुबाईंना राहवेना. आधी उपकारस्तुती करायची असते, मागणं नंतर. आणि हे असं बाजारातली यादी वाचल्यासारखं कुणी प्रार्थना करतं का? त्यांनी मनातल्या मनात दोन वाक्यं दुरुस्त केली.

"शिल्पाचं तुला ठाऊक हाय," नीलाबाई पुढं म्हणाल्या. "मी बोलत न्हाई." पंख्याचा आवाज येत राहिला. "आन् सिंधुला," त्या म्हणाल्या. सिंधुबाईंनी रुमाल आवळला. "सिंधुला गप बसायला शिकव, बापा. तिला कवाच जमलं न्हाई. माझ्यानं सांगून झालं, आता तूच शिकव."

कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. सिंधुबाईंचं डोकं भणाणलं. प्रार्थना चालू असताना डोळे उघडायचे नाहीत, हे त्यांनी मंडळीतल्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं. त्यांनी डोळे उघडले. सगळ्यांच्या माना खाली होत्या, नीलाबाईंचीही. आतल्या दारात शिल्पा तेवढी डोळे सताड उघडे ठेवून त्यांच्याकडं बघत उभी होती. तिचे ओठ काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे हलत होते. सिंधुबाईंनी तिच्याकडं बघून हळूच नकाराची मान हलवली.

"आमेन," नीलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. सिंधुबाईंनीही म्हटलं, जरा मोठ्यानंच.